ओवाळणीतल्या नोटा

नंदू, गेल्या आठवड्यात मेघनाने फोन करून मला विचारलं, "ताई, नोटांमधलं तुम्हाला थोडंफार कळतं ना?" तू असतास तर हसता हसता खुर्चीवरून खाली आला असतास. तुझ्या म्हणण्याप्रमाणे अख्ख्या टेक्सासमध्ये जुन्या नोटांची सगळ्यात जास्त नासधूस जिने केली, त्या बाईला विचारतेय तुझी बायको. मी हो म्हटलं. तिचा आवाज असा काही होता की नाही म्हणवेना.

तू गेल्याला दोन महिने झाले. मेघना घर विकून मॉरिसव्हिलला रोहनकडे राहायला जाणार आहे. तिला अडवणारी मी कोण. एकुलता मुलगा तिकडे, ती इथे एकटी काय करणार? तुझे कोट गेले, पुस्तकं गेली, गॅरेजमधली ती चालू न होणारी गवत कापायची मशीनसुद्धा कुणीतरी घेऊन गेलं. राहिला तो तुझा नोटांचा आल्बम. तो उचलायचं धाडस कुणाला होत नव्हतं. तू कधी कुणाला हात लावू दिला होतास म्हणा.

तुझं ते खूळ सुरू झालं तो दिवस मला चांगला आठवतो. प्लेनोच्या आमच्या स्वयंपाकघरात तू प्लास्टिकच्या पाकिटातली एक नोट टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "वाच." मी वाचलं. पाच डॉलर. वर कुठल्याशा नॅशनल बँकेचं नाव आणि खाली गावाचं नाव, टू विलोज. मी म्हटलं, असं गाव आहे? तू म्हणालास, "तेच तर." शंभर वर्षांपूर्वी म्हणे या देशात लहान लहान गावांतल्या बँकासुद्धा सरकारच्या परवानगीने स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या. गावाचं नाव, बँकेचा नंबर, खाली बँकेच्या प्रेसिडेंटची आणि कॅशियरची सही. काही ठिकाणी तर शाईच्या पेनाने, हाताने केलेली. नागपूरच्या आपल्या पतपेढीने स्वतःच्या नोटा छापल्या असत्या तर बाबांची सही त्यावर आली असती, हे तू मला समजावून सांगत होतास, आणि सांगताना तुझे डोळे चमकत होते. बाबा तिथे कॅशियर होते म्हणूनच तुला हे खूळ लागलं असं मला त्याच दिवशी वाटलं. तुला कधी बोलून दाखवलं नाही.

मग तुझी शिकवणी सुरू झाली. नोटेवर पाच लिहिलंय की वीस, याला महत्त्व नाही. महत्त्व गावाला. मोठ्या शहरातल्या बँकेच्या नोटा ढिगाने सापडतात, त्यांना कुणी विचारत नाही. ज्या गावात बँक चार दिवस चालली आणि बुडाली, तिची एखादीच नोट कुठल्या तरी आजीच्या बायबलमध्ये राहून गेलेली असते, तिच्यासाठी लोक जीव टाकतात. त्यानंतर नोटेची तब्येत. घड्या किती, कडा कात्रीने कापून सारख्या केल्यात का, सह्या उडाल्यात का. आणि टाचणीची भोकं. पूर्वी लोक नोटा टाचणीने एकत्र टोचून ठेवायचे, ती भोकं डोळ्यांना दिसत नाहीत, नोट उजेडासमोर धरली की चांदण्यांसारखी दिसतात. शेवटचा नियम तू दर वेळी बोट वर करून सांगायचास. नोट कशीही असो, धुवायची नाही, पुसायची नाही, इस्त्री करायची नाही. डाग असेल तर डागासकट ठेवायची. मी म्हणायचे, माणसांच्या बाबतीतही एवढा दिलदार राहिलास तर बरं होईल.

खरी मजा नोटांची नव्हतीच, ते तुलाही माहीत होतं. खरी मजा शनिवारची. नोटेवरचं गाव नकाशात शोधायचं आणि गाडी काढून तिथे जायचं. मेघनाला उन्हाचा त्रास, आमच्या ह्यांना गोल्फ, त्यामुळे आपण दोघंच. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी घ्यायची, तू थर्मासमध्ये चहा. हायवे सोडला की तासन् तास काही नाही, कापसाची शेतं आणि पाण्याच्या उंच टाक्या. नागपूरला बाबांच्या सायकलवर पुढे तू आणि मागे मी असायचे, तेव्हा तू जसा अखंड बडबडायचास, तस्साच त्या गाडीत बडबडायचास. साठीला आलेला माणूस. गावात पोचल्यावर बँकेची इमारत शोधायची. कुठे त्या इमारतीत टॅकोचं दुकान निघायचं, कुठे न्हावी. टू विलोजला तर नुसत्या दगडी पायऱ्या राहिल्या होत्या, पायऱ्या चढून वर गेलं की गवत. आपण त्या पायऱ्यांवर बसून भाजीपोळी खाल्ली. एक शेतकरी ट्रक थांबवून विचारायला आला, तुमचं काही हरवलंय का? तू त्याला म्हणालास, "नो सर, वी आर कस्टमर्स." बिचारा किती वेळ आपल्याकडे बघत उभा होता.

आणि त्याच वर्षीपासून तू भाऊबीजेला ओवाळणीत नोट घालायला लागलास. आदल्या वर्षीपर्यंत मॉलचं गिफ्ट कार्ड घालायचास, त्यामुळे मला आनंदच झाला. त्या वर्षी जे गाव आपण पाहिलं असेल, त्या गावाच्या बँकेची नोट. पाकिटातून बाहेर काढून, चिमट्याने धरून, ताटात निरांजनापासून लांब, अगदी काठाला ठेवायचास. गिफ्ट कार्ड पाकिटातून घातलं तर चालतं, पण लक्ष्मी प्लास्टिकमधून ताटात घालायची नाही, असा दम मीच तुला दिला होता. आता आईची पद्धत तुला माहीत आहे. टिळा अंगठ्याने, ओल्या कुंकवाचा, खालून वर ओढायचा. मग ओवाळायचं, मग ओवाळणी उचलून कपाळाला लावायची. कुंकवाने माखलेला अंगठा तोवर कोण धुतं? मी नोट उचलली की तू पाटावरून अर्धा उठायचास आणि चाळीस वर्षांची अमेरिका गळून पडून तोंडातून नागपूर बाहेर यायचं. "ताई, अंगठा. काय करून राहिली तू." तोवर अंगठा उमटलेला असायचा. लॅबमध्ये आयुष्यभर ग्लोव्हज घालून काम करणारी बाई आणि माझ्या नोटेला कुंकवाचे हात, असं दर वर्षी बोलायचास. आणि दर वर्षी पुढची नोट तशीच उघडी आणून ठेवायचास.

मी त्या नोटा चार घड्या करून देवघरातल्या स्टीलच्या डबीत ठेवायचे, हळकुंडाबरोबर. ओवाळणी कुठे ठेवतात? तिथेच.

आता ते भांडण. मला टाळायचं होतं, पण टाळून जाणार कुठे? तू मला नोटांच्या त्या मोठ्या प्रदर्शनाला घेऊन गेलास. एका टेबलाखाली बुटाच्या खोक्यात डागाळलेल्या, घड्या पडलेल्या नोटा ठेवल्या होत्या, कुणीही घ्या, काय द्यायचं ते द्या. मी वाकून बघितलं तर थेट माझ्या डबीतल्या नोटांसारख्या. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे उजेड पडला असं मला वाटलं. परत येताना गाडीत मी तुला म्हटलं, "नंदू, आल्बममध्ये बसत नाही ते तू माझ्या ताटात घालतोस. उरलंसुरलं." तू हसलास. म्हणालास, "ताई, ओवाळणीची किंमत काढायची नसते." मी म्हटलं, "तू बाकी दिवसभर किंमतच काढत असतोस." तू गाडीचा ब्लिंकर लावलास आणि लेन बदललीस. घरी येईपर्यंत आपण हवापाण्याबद्दल बोललो.

आपण भांडलो असं कुणी म्हणणार नाही. तू आलास, गेलास, शनिवारही चालू राहिले. पण ते कुसळ माझ्या बोटात राहिलं होतं आणि मी ते जाता येता दाबून बघायचे. गेल्या भाऊबीजेला तू नोट ठेवलीस तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला तरी भोकं नाहीत ना रे?" मेघना हसली, हेही हसले. तू म्हणालास, "तूच बघ ना. उजेडासमोर धर." मी धरली नाही. करंज्या तळायच्या राहिल्या होत्या, म्हणून अंगठा उमटवला, डबीत टाकली आणि आत गेले. तू त्या दिवशी अंगठ्यावरून ओरडलासुद्धा नाहीस. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी म्हटलं, असेल दमलेला.

तर मेघनाचा फोन. तुझा तो डेल, ज्याच्याकडून तू नोटा घ्यायचास, त्याच्याकडे आल्बम दाखवायला जायचं ठरलं. रोहन आला होता. मी निघताना देवघरातली डबी पर्समध्ये टाकली. खरं सांगते, रागानेच टाकली. सगळंच विकायला निघालंय तर माझं उरलंसुरलंही त्यातच जाऊ दे, असं मनात होतं. तू नसताना तुझ्यावर रागावणं फार अवघड आहे. समोर कुणी नसतं आणि राग मात्र ताजा असतो.

डेलचं दुकान तू वर्णन करायचास तसंच आहे, एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला डोनट. मला वाटलं होतं दुकानदार म्हणजे बेरकी असणार. त्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याने मेघनाचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला खुर्चीपर्यंत नेलं. मग आल्बम उघडून दिव्याखाली बसला. एकेक पान उलटत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता. हिला टाचणीची भोकं. हिच्या कडा कापल्यात. हिच्या सह्या गेल्यात. गावं सगळी चांगली आहेत, तो म्हणाला, गावं निवडावीत तर नँडीने, म्हणजे तू. पण नोटा सगळ्या दुय्यम.

मेघना म्हणाली, "इट्स ओके. त्याची हॉबी होती."

डेलने मान हलवली. तो रोहनकडे वळून बोलायला लागला, हळूहळू. टू विलोजच्या नोटा त्याने स्वतः तुला दोन विकल्या होत्या. एक ही, भोकांची. दुसरी फार सुंदर, कॅशियरच्या सहीची शाईसुद्धा तशीच्या तशी राहिलेली. प्रत्येक गावाचं तुझं तेच. एक मिळाली तरी तू थांबायचा नाहीस, दुसरी शोधायला सांगायचास. कधी दुसरी यायला वर्ष जायचं. डेल तुला म्हणायचा, चांगली ठेव, खराब मला परत दे. तू म्हणायचास, दोन्ही लागतात. "सो," तो म्हणाला, "व्हेअर आर द गुड वन्स?"

रोहन म्हणाला, "आत्या, डू यू नो? बाबांनी विकल्या का कुणाला?"

मी पर्स उघडली. डबी काढली. झाकण निघेना, हळकुंड अडकलं होतं. रोहनने काढून दिलं. डेलने माझ्या नोटा पाहिल्या, चार घड्यांच्या, हळदीने पिवळ्या झालेल्या, आणि त्याच्या तोंडून "ओह, डियर" एवढंच निघालं. मग त्याने एकेक घडी अशी उलगडली जशी मी लॅबमध्ये काचपट्टी धरायचे. टू विलोज. विलो फोर्क. मिलर्स गॅप. सगळी आपली शनिवारची गावं. त्याने नोटा दिव्यासमोर धरल्या. मी त्याच्या मागे उभी राहून बघत होते, नंदू. एकाही नोटेला एकही भोक नव्हतं. गेल्या वर्षीची त्याने सगळ्यात शेवटी धरली. नुसता पिवळा उजेड आला आरपार, आणि खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा.

"व्हॉट इज द रेड?" त्याने विचारलं. रोहन अडखळत म्हणाला, "इट्स लाइक, अ ब्लेसिंग. शी पुट्स इट ऑन हिज फोरहेड." डेलने विचारलं, त्याला माहीत होतं का? मेघना म्हणाली, "माहीत? तो समोर बसलेला असायचा."

डेलने नोट हलकेच खाली ठेवली. शेजारच्या लॉन्ड्रीतलं मशीन घरघरत होतं.

रोहन इंजिनियर आहे, त्याला उपाय सुचतात. त्याने विचारलं, हे कुंकू काढता नाही का येणार, एखाद्या स्पेशालिस्टकडून? डेलने तुझ्यासारखंच बोट वर केलं. नो. धुतली की कागदाचा जीव जातो. राहू द्या तसंच. पुढे तो किंमत सांगायला लागला, डागाशिवाय किती असती आणि डागासकट किती, आणि मी म्हटलं, प्लीज, मला नको सांगू, त्याला सांग. त्याने रोहनला बाजूला नेऊन सांगितलं. रोहन परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी त्याला काही विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. जन्मभर भाव विचारल्याशिवाय मी कोथिंबीरही घेतली नाही, आणि हे एवढं मात्र जमलं.

आता तू मला सांग. दोन नोटा असतात. एक चांगली, एक भोकांची. एकीवर तुझी अर्धवट बहीण ओला अंगठा उमटवणार आहे आणि चार घड्या करून हळदीत घालणार आहे, हे तुला पक्कं ठाऊक आहे. कुठलाही शहाणा माणूस भोकांची ताटात घालेल आणि चांगली आल्बममध्ये ठेवेल. शेंबडं पोरही तेच करेल. तू वर्षानुवर्षं उलट करत आलास, डोळ्यांदेखत नोट वाया जाताना पाटावर बसून ओरडत राहिलास, आणि मी तुला उरलंसुरलं म्हटलं तेव्हा लेन बदललीस. एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला? "ताई, चांगली तुझी." तीन शब्द. मी काय ते ऐकून मिरवलं असतं? हो, मिरवलं असतं. सगळ्या महाराष्ट्र मंडळात सांगत फिरले असते. कदाचित म्हणूनच बोलला नाहीस.

मला तुझा इतका राग येतो आणि इतकी आठवण येते की दोन्हींतलं काय आधी येतं ते सांगता येत नाही. शनिवारी सकाळी हात आपोआप कणीक मळायला घेतात, नेहमीपेक्षा जास्त. हे दुपारी त्या जास्तीच्या पोळ्याही खाऊन टाकतात. हायवेवर पाण्याची उंच टाकी दिसली की मी तिच्यावरचं गावाचं नाव मोठ्याने वाचते. गाडीत कुणी नसतं. ज्याच्याकडे आपल्या लहानपणाची दुसरी प्रत आहे असा माणूस म्हणजे भाऊ. ती गेली. आता बाबांच्या सायकलचा तो करकर आवाज खरा होता का माझ्या मनाचा, हे मी कुणाला विचारू?

डेलच्या दुकानातून निघताना मी डबीतल्या सगळ्या नोटा मेघनासमोर ठेवल्या. आल्बमबरोबर जाऊ दे, म्हटलं, तुमच्या हक्काच्या आहेत. तिने डबीचं झाकण लावलं आणि माझ्या पर्समध्ये कोंबली. म्हणाली, "ओवाळणी परत घेतात का, ताई? मला काय पाप लावून घ्यायचंय?" मग तिने आल्बम उघडला, टू विलोजची ती भोकांची नोट काढली आणि मला दिली. "ही त्याची. या वर्षीची म्हणून ठेवा. त्याने काही ठेवली नसेल ना." आम्ही दोघी पार्किंग लॉटमध्ये गळ्यात गळा घालून रडलो, आणि रोहन डोनटचं खोकं धरून उभा होता. बाकीचा आल्बम विकायचा नाही असं त्यानेच ठरवलं. मॉरिसव्हिलला नेतोय. मला विचारत होता, या गावांना खरंच जाता येतं का? मी म्हटलं, ये, तुला नेते, पोळ्या मी घेईन.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. मंडळातल्या बायका सांगतात, भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं. ओवाळेन. बीजेचा चंद्र इथे संध्याकाळी त्या मोठ्या स्टोअरच्या मागे घटकाभर दिसतो आणि मावळतो, म्हणून पाट मी अंगणात, पश्चिमेला मांडणार आहे. ताटात तुझी भोकांची नोट ठेवणार आहे, निरांजनापासून लांब, अगदी काठाला, तू ठेवायचास तशी. ती मी उजेडासमोर धरून पाहिली आहे. खरंच, चांदण्यांसारखी दिसतात भोकं.

आणि कुंकू नेहमीपेक्षा ओलं कालवणार आहे. अंगठा पुसणार नाही. नोट सावकाश उचलेन, तुला भरपूर वेळ देईन. ओरड, नंदू.